बाबांचं पान

विद्यापीठाच्या कागदोपत्री आमच्या खोलीचं नाव 'लेखन-अध्यापन साहाय्य केंद्र' असं होतं. सगळे तिला खरडखोली म्हणायचे. कुलगुरूसुद्धा एकदा भाषणात चुकून तसंच म्हणाले आणि मग घोटभर पाणी पिऊन त्यांनी सावरून घेतलं. तळमजल्यावर, जिन्याखाली, रसायनशास्त्राच्या भांडाराला लागून ती खोली होती. मधे प्लायवूडची भिंत घालून तिचे दोन भाग केले होते. आतल्या भागात मोठं टेबल आणि सहा खुर्च्या. बाहेरच्या भागात मी, माझा टाइपरायटर आणि एक लोखंडी कपाट, ज्याचं दार उघडायचं तर मला खुर्ची सोडून उभं राहावं लागे. भांडारातून सतत कसला ना कसला वास यायचा. त्या वासाची मला इतकी सवय झाली होती की सुटीच्या दिवशी घरात चुकल्यासारखं व्हायचं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. भाषा विषय घेऊन पहिल्या वर्गात एम.ए. झाले होते, आणि जगात फार थोड्या माणसांना धड लिहिता येतं, त्यांतली एक मी, अशी माझी पक्की समजूत होती. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच. ती समजूत माझ्या चेहऱ्यावरही दिसत असणार, कारण केंद्राच्या प्रमुख आक्कांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली.

आक्का मूळच्या वनस्पतिशास्त्राच्या. वीस वर्षं शिकवल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं की मुलं झाडाकडे बघतच नाहीत, पुस्तकातली व्याख्या उतरवून काढतात आणि आपणही त्यांना त्याचे पूर्ण गुण देतो. लिहायला शिकवणं हे भाषा विभागाचं काम, असं बाकीचे सगळे विभाग म्हणत. भाषा विभाग म्हणे, आम्ही साहित्य शिकवतो, तुमच्या प्रयोगवह्या नाही. या ओढाताणीत मुलं मात्र कोरडीच राहायची. तेव्हा आक्का कुलगुरूंच्या मागे लागल्या आणि त्यांनी ही खोली मिळवली. आम्ही मुलांना शिकवायचं नव्हतं. प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकाला, आपल्या विषयातलं लिहिणं आपल्या मुलांना कसं शिकवावं, यासाठी मदत करायची होती.

आक्कांची पद्धत सोपी होती आणि त्यामुळेच लोकांना अंगावर काटा येई. जे लिहायला मुलांना सांगणार, ते प्राध्यापकानं आधी स्वतः लिहून आणायचं. मग ते पान दुसऱ्याच विषयाच्या कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. वाचणारा जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीनं एक बारीक रेघ, बस्स. लिहिणाऱ्यानं त्या वेळी खुलासा करायचा नाही, कारण परीक्षेत किंवा कामावर खुलासा करायला कुणी सोबत जात नसतं. आणि दुसऱ्याच्या पानावर पेन कुणीही टेकवायचं नाही. चूक दिसली तरी नाही, जीव कासावीस झाला तरी नाही. माझा तर दिवसातून दहा वेळा कासावीस व्हायचा.

काय काय माणसं येऊन बसली त्या टेबलाशी! गणिताचे एक सर होते, त्यांना सगळे इतिसिद्धम म्हणत. त्यांनी आणलेल्या पानावर अकरा ओळी होत्या आणि त्यांतल्या नऊ ओळींत शब्दच नव्हते. ते पान वाचायला बसल्या परिचारिका महाविद्यालयाच्या बाई, ज्यांना प्राध्यापक झाल्यावरही कुणी सिस्टरशिवाय दुसरी हाक मारली नाही. सिस्टरनी चष्मा लावला, पान उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं आणि शांतपणे म्हणाल्या की पेशंट गेलेला आहे. इतिसिद्धम आठ दिवस रुसले आणि नवव्या दिवशी तीन पानं लिहून घेऊन आले. पुढच्या सत्रात त्यांच्या वर्गातली मुलं सिद्धता वाक्यांत लिहायला लागली. त्या काळातलं काही आठवलं की मला आधी ती दुपार आठवते, आणि आजही मी एकटीच हसते.

पण खोली कायमची नव्हती. विद्या परिषदेनं दोन वर्षांची मुदत घातली होती. तेवढ्यात सहा विभागांनी ही पद्धत लेखी स्वीकारली तर केंद्र राहणार, नाहीतर खोली भांडाराला परत. दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा पाच विभाग झाले होते. सहाव्यासाठी आम्ही सगळीकडे खेटे घातले. शेवटी एकच विभाग उरला, स्थापत्य अभियांत्रिकी. आणि त्या विभागाचे प्रमुख म्हणजे माझे बाबा.

बाबा आणि मी रोज एकाच स्कूटरवरून विद्यापीठात यायचो. फाटकातून आत शिरलो की ते सर आणि मी केंद्राची सहायिका. घरी परत गेल्यावर मी कधीकधी सवयीनं त्यांना 'सर, चहा' म्हणायची आणि आई म्हणायची, मग मी काय शिपाई का इथली? खरडखोलीबद्दल बाबांचं मत घरात सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणत, मी बत्तीस वर्षं मुलांचं लिहिणं सुधारतोय, मला कुणी खोली दिली नाही.

ते खोटंही नव्हतं. बाबा मुलांचे प्रकल्प अहवाल घरी आणत आणि लाल पेन घेऊन बसत. एखादं वाक्य खोडून ते थांबत नसत. मुलाचं अख्खं वाक्य काढून त्या जागी स्वतःचं लिहीत. पान संपेपर्यंत मुलाचं निळं लिहिणं लाल शाईखाली दडपून जाई. मुलं त्याला 'रक्तपात' म्हणत. 'जाऊन आलास का रक्तपाताला?' असं एकमेकांना विचारत. मग ती लाल वाक्यं निमूट उतरवून काढत आणि अहवाल मंजूर होई. यात सगळ्यांचंच भागत होतं.

त्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र डीनना पत्र लिहिलं. तुमच्या स्थापत्यच्या मुलांचे अहवाल उत्तम असतात, पण ते सगळे एकाच माणसानं लिहिल्यासारखे असतात, आणि गेली दहा वर्षं तो माणूस बदललेला नाही. नोकरीला लागलेल्या मुलांना साइटवरून साधं एक पानभर पत्र लिहिता येत नाही, अशी तक्रारही त्यात होती. डीननी ते पत्र बाबांपुढे ठेवलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालता घालता मला म्हणाले, "तुझ्या आक्कांना सांग, मी येतो. पण मला इतरांसारखंच वागवायचं."

मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. बाबांनी मान डोलावली तर खोली राहणार होती, आक्कांची आणि माझी नोकरी राहणार होती. नाही म्हटलं तर दोन वर्षांचं सगळं पाण्यात. आई म्हणाली, घरचं भांडण आता सरकारी झालं.

बाबांनी मुलांसाठी विषय निवडला तो चाचणी अहवालाचा. विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात वर एक गॅलरी होती. तिच्या स्लॅबला भेगा दिसल्या म्हणून ती बंद ठेवली होती. बाबांनी तिची भारचाचणी घेतली होती. गॅलरीवर वाळूची पोती रचायची, खालून सहा ठिकाणी डायल लावायच्या. स्लॅब वाकला की डायलचा काटा पुढे सरकतो. चोवीस तासांनी पोती उतरवायची आणि काटे किती मागे येतात ते बघायचं. आले तर स्लॅबमध्ये जीव आहे. अभियंता नसलेल्या माणसाला, म्हणजे विद्यापीठाच्या कुलसचिवांना, गॅलरी वापरावी की नाही हे सांगणारं दोन पानी लेखन मुलांनी करायचं. त्याआधी बाबांनी.

पहिलं पान सिस्टरनीच वाचलं. बाबांच्या लिहिण्यात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. पण सिस्टर पहिल्या परिच्छेदात चारदा अडखळल्या. प्रत्येक वाक्य चार ओळींचं, आणि क्रियापद येईपर्यंत सुरुवात विसरलेली. शेवटी त्यांनी पान टेबलावर ठेवलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "म्हणजे तिथे पोरांना बसवायचं की नाही?"

खुलासा करायचा नाही हा नियम बाबांना माहीत होता. त्यांचे कान लाल झाले. माझे बाबा गप्प बसलेत आणि त्यांच्यापुढच्या पानावर पेन्सिलीच्या सतरा रेघा आहेत, हे मी प्लायवूडच्या फटीतून पाहिलं. मोजायला नको होत्या, पण मोजल्या. इतरांच्या वेळी मला अशा वेळी हसू यायचं. त्या दिवशी मला सिस्टरचा राग आला, आक्कांचा आला आणि त्या अख्ख्या खोलीचाच आला.

दुसरा खर्डा वाचायला पुढच्या गुरुवारी सगळ्या सहा विभागांचे लोक, डीन आणि कुलसचिव येणार होते. आठवडाभर बाबा सकाळी लवकर उठून जेवणाच्या टेबलाशी बसत. मी चहा ठेवायला गेले की पानावर हात ठेवत, शाळेत मुलं उत्तर झाकतात तसा. टोपलीत कागदाचे बोळे पडलेले असत. माझ्या उभ्या आयुष्यात बाबांना एखादी गोष्ट जमत नाही असं मी पाहिलं नव्हतं. आईनं पाहिलं असेल, पण ती त्याबद्दल कधी बोलली नव्हती.

गुरुवारी सकाळी त्यांनी हस्तलिखित माझ्यापुढे ठेवलं. हे टाइप कर, म्हणाले, आणि लगेच निघून गेले.

मी वाचायला लागले. सुरुवातीची वाक्यं लहान झाली होती, पण अवघडलेली, नवे बूट घालून चालल्यासारखी. एकच गोष्ट दोनदा आली होती. पोती किती, कुणी मोजली, हे प्रत्येक परिच्छेदात होतं. आणि दुसऱ्या पानावर हे होतं: 'पोती उतरवल्यावर पाच काटे मागे आले. चौथा आला नाही. मी खाली जाऊन डायल तपासली, ती ठीक होती. त्या काट्याची मला भीती वाटली. म्हणून मी तीन दिवसांनी पुन्हा सगळी चाचणी घ्यायला लावली. दुसऱ्या वेळी चौथा काटाही मागे आला. पहिल्यांदा तो का अडला हे मला आजही सांगता येत नाही. गॅलरी वापरावी, पण त्या जागी दरवर्षी पाहावं.'

मी ते तीनदा वाचलं. डीन बसलेले असतील, इतिसिद्धम बसलेले असतील, आणि स्थापत्य विभागाचे प्रमुख सांगणार की मला काट्याची भीती वाटली. लोक हसतील, असं मला वाटलं. सतरा रेघांनंतर वर हे हसणं मला सहन होणार नव्हतं. दार बंद होतं. आक्का अजून आल्या नव्हत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोन वर्षं ज्या नियमाचे मी सगळ्या प्राध्यापकांना धडे दिले, तो मी अर्ध्या तासात मोडला. 'गॅलरी वापरायला योग्य आहे' हे वाक्य सर्वांत वर घेतलं. पोत्यांचा पाढा एकदाच ठेवला. वाक्यं घासूनपुसून घेतली. चौथा काटा काढून टाकला आणि तिथे लिहिलं, 'दोन चाचण्यांनंतर सर्व मोजमापं समाधानकारक आढळली.' पान फार सुरेख झालं. टाइपरायटरमधून ओढून काढताना मला माझा अभिमान वाटला, हे कबूल करायला हवं.

सिस्टरनी पान वाचलं. एकदाही अडखळल्या नाहीत. पेन्सिल टेबलावर तशीच पडून होती. वाचून झाल्यावर डीननी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. इतिसिद्धम म्हणाले की याला म्हणतात लिहिणं. मी दारात उभी होते. मी बाबांकडे पाहत होते, ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते सिस्टरना म्हणाले, छान वाचलंत. मग टाइप केलेलं पान घेतलं, घडी घातली आणि वर्ग आहे म्हणून गेले.

संध्याकाळी फाटकापाशी स्कूटर चालू करण्याआधी त्यांनी विचारलं, "चौथा काटा कुठे गेला?"

मी सांगितलं की त्याची गरज नव्हती, शेवटी सगळं ठीकच निघालं होतं. मग मी खरं ते सांगितलं, की लोक हसले असते. बाबांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा लावला, पुन्हा काढला. "असं होय," एवढंच म्हणाले. मला वाटलं मिटलं. मुलीनं बापाची लाज राखली, यात मिटायचं तरी काय होतं?

विद्या परिषदेची बैठक सोमवारी होती. इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं, कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी. आक्का समोर, पाठ ताठ करून. खरडखोलीचा विषय सातवा होता. डीननी प्रास्ताविक केलं, गुरुवारच्या पानाचं कौतुक केलं आणि आता स्थापत्य विभागाची संमती तेवढी नोंदवून घेऊ, असं म्हणाले. सगळ्यांना वाटलं दोन मिनिटांचं काम आहे.

बाबा उभे राहिले. त्यांच्या हातात दोन कागद होते, एक टाइप केलेला आणि एक हाताने लिहिलेला.

"गुरुवारी जे वाचलं ते मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "माझं हे आहे."

आणि त्यांनी हाताने लिहिलेलं पान वाचायला सुरुवात केली. पोती आली, पुन्हा पोती आली. एक-दोघांनी घड्याळं पाहिली. चौथा काटा आला. 'त्या काट्याची मला भीती वाटली' या वाक्याला मागच्या रांगेतून कुणीतरी खरोखरच हसलं. बाबा थांबले, त्या दिशेला पाहिलं आणि पुढे वाचत राहिले. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा कुणी हसत नव्हतं. कुलसचिवांनी मान वर करून विचारलं की मग त्या जागी दरवर्षी बघायचं ना? गुरुवारच्या पानात तर तसं काही नव्हतं.

बाबा म्हणाले, नव्हतं. त्या पानावर विसंबून राहिला असतात तर तुम्ही कधीच बघितलं नसतं.

माझ्या हातातलं पेन थांबलं होतं. मला वाटलं, संपलं. खोली गेली. आक्का गेल्या. आणि हे माझ्या बापानं केलं. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं हे मला कळलं. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

बाबा अजून उभेच होते. ते भाषण करणाऱ्यातले नव्हते, वर्गातही फळ्याशी बोलत. ते पुढे जे बोलले ते मी इतिवृत्तात शब्दशः लिहिलं, आणि ते मला अजून पाठ आहे. "गुरुवारी माझ्या पानावर कुणीतरी माझ्यापेक्षा चांगली वाक्यं लिहिली. टाळ्या पडल्या. मला मात्र ते पान ओळखता येईना. बत्तीस वर्षं मी मुलांना अशीच पानं परत देत आलोय. स्थापत्य विभागाची या केंद्राला संमती आहे."

डीन घाईघाईनं आभार मानायला लागले, पण बाबांचं झालं नव्हतं. एक अट आहे म्हणाले. आमच्या विभागाचं कुठलंही काम केंद्राच्या सहायिकेकडे देऊ नये, केंद्रप्रमुखांनी स्वतः बघावं. हेही नोंदवा.

मी नोंदवलं. माझ्याविरुद्धचं वाक्य मी माझ्याच अक्षरात, माझ्या बापाच्या तोंडून ऐकून लिहिलं. बैठक उठल्यावर प्रसाधनगृहात जाऊन नळ मोठा सोडून रडले. सिस्टर मागून आल्या, त्यांनी रुमाल दिला आणि नळ बंद केला.

त्या दिवशी मी स्कूटरवर बसले नाही. चालत घरी गेले. बाबा पायरीवर बसले होते. आईनं दोघांकडे बघितलं आणि काही काम नसताना आत निघून गेली. मी विचारलं, "खोली वाचवायची होतीच, तर मला कशाला बाहेर काढलंत? एवढा राग?"

"राग नाही गं," बाबा म्हणाले. "गुरुवारी तुझ्याकडे पान दिलं ना, तेव्हाच मला माहीत होतं तू हात लावणार. टायपिस्ट काय, आमच्या ऑफिसात दोन आहेत. मला हवंच होतं तू ते नीट करावंस."

मी खांद्यावरची पिशवी पायरीवर ठेवली.

"उद्या तुझ्यासमोर बसलो की पुन्हा तेच होईल. मी तुझ्याकडून करून घेईन, आणि तू करून देशील. तुला नाही म्हणवणार नाही, मला थांबवणार नाही. फक्त ते काट्याचं तेवढं तू काढायला नको होतंस. ते मी कुणालाही न विचारता लिहिलं होतं."

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी लहान असताना ठेवत तसा. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. समोरच्या घरातला माणूस गाडी धूत होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

खोली राहिली. पुढे ती वाढली, वरच्या मजल्यावर गेली, तिला खिडक्या मिळाल्या आणि चांगली पाटी मिळाली. आक्कांनंतर मी तिची प्रमुख झाले. तीस वर्षांहून जास्त काळ माझ्यासमोर माणसं येऊन बसली. दंतवैद्यकाची, कायद्याची, शेतीची, संगणकाची. मी कुणाच्याही पानावर पेन टेकवलं नाही. वरच्या खोलीत उजेड भरपूर होता, तरी जिन्याखालच्या त्या दोन भागांची मला फार आठवण येते.

बाबा निवृत्तीपर्यंतची चार वर्षं दर मंगळवारी तिथे येत राहिले. आक्कांच्या टेबलाशी बसून आपल्या वर्गातल्या मुलांची पानं मोठ्यानं वाचत. मी बाहेर माझ्या खुर्चीत. मधे प्लायवूड. येता-जाता ते मला 'काय म्हणतेस' विचारत आणि आत जात. मुलांची पानं ओबडधोबड असत, पूर्वीच्या अहवालांच्या पासंगालाही पुरणार नाहीत अशी, आणि एकासारखं दुसरं नसे. बाबा अडखळत, थांबत, रेघ मारत, पुढे जात. कधीकधी एखाद्या मुलाच्या वाक्याला ते मनापासून हसत, आणि माझ्या टाइपरायटरच्या खडखडाटात ते कुठल्या वाक्याला हसले हे मला कधीच कळायचं नाही. तेव्हा टाइप करणं थांबवून मी नुसती ऐकत बसायची. आज बाबा नाहीत. घरात त्यांचा आवाज कसा होता ते आठवायला मला आता प्रयत्न करावा लागतो, पण दुसऱ्याचं पान वाचतानाचा तो आवाज अजून अगदी स्पष्ट ऐकू येतो.